भाताचं धरण

तिसऱ्यांदा भात ढासळला. करी चांगली दाटसर झाली होती, तरी तिने भाताच्या भिंतीत कुठेतरी भोक शोधलंच आणि ताटलीच्या काठापर्यंत तिचा ओघळ आला. चिझुरूने तो ओल्या फडक्याने टिपला. तिच्या पाठीला बांधलेली दहा महिन्यांची कोतोहा आईच्या मानेशी तोंड नेऊन "आऽऽ" म्हणाली.

"बघ, तुझी लेकसुद्धा हसायला लागली," तिची सासू योशिमी म्हणाली. काल योसाकू आजोबांचं तेराव्या वर्षाचं श्राद्ध झालं होतं. पाहुण्यांसाठी काढलेले चहाचे पेले कागदात गुंडाळून योशिमी खोक्यात भरत होती.

"हसत नाहीये, आई. भूक लागलीय तिला. आणि ही भिंत उभी राहणार आहे."

"कधी? तीन वाजता ती पर्यटन मंडळाची नेमोतो बाई येईल, तेव्हा तिला काय चिखल दाखवणारेस?"

"तिला नंतर. आधी आजींना दाखवायचीय."

योशिमीने हातातला पेला तसाच धरून ठेवला. सुनेचा हा स्वर तिच्या ओळखीचा होता. लग्नाची बोलणी चालू असताना याच स्वरात ही मुलगी म्हणाली होती, मी नोकरी सोडेन, पण या डोंगराचा पायथा सोडणार नाही.

खिडकीबाहेरच्या घाटरस्त्यावर सकाळपासून गाड्यांची रांग होती. वर्षातून एकदा, मे महिन्यात, ओतोसे धरणाची दारं फक्त लोकांनी बघावं म्हणून उघडतात. तिपाई आणि कॅमेरे घेतलेले पन्नाशीचे पुरुष, डब्यात भाताचे मुटके भरून आणलेल्या बायका, धरणाच्या कार्यालयात स्वतः जाऊन हजेरी लावल्याशिवाय न मिळणारी कार्डं वहीत चिकटवणारी पोरं, असा सगळा लोंढा वर धरणाकडे जायचा आणि संध्याकाळी खाली उतरायचा. मध्ये लागणाऱ्या 'झुलता पूल' या खाणावळीकडे कुणी मान वळवून बघत नसे. तिथे गेली पन्नास वर्षं बकव्हीटच्या पिठाच्या शेवया मिळत होत्या, गरम नाहीतर गार. लोकांना हवी असायची धरणाची करी. खालच्या शहरात चार ठिकाणी ती मिळायची. भाताची भिंत, तिच्यामागे करीचा तलाव आणि भिंतीत खुपसलेलं सॉसेज. सॉसेज उपसलं की तलाव फुटायचा आणि टेबलाभोवती टाळ्या पडायच्या.

त्या चार खाणावळींचा नकाशा दरवर्षी छापला जातो. यंदा पाचवी जागा चिझुरूला हवी होती. पाचवी जागा मिळाली तर 'झुलता पूल' चालणार होता. ती आणि तिचा नवरा मिनोरू खालचं भाड्याचं घर सोडून इथे वर राहायला येणार होते. नाही मिळाली तर तिचे सासरे सादाहारू पुढच्या आठवड्यात ट्रक आणून आजींचं सामान शहरात हलवणार होते आणि खाणावळीच्या दाराला कायमचं कुलूप लागणार होतं. होय की नाही, ते ठरवायचं होतं फक्त खाणावळीच्या मालकीण, सादाहारूंच्या आई, किनुए आजींना. आणि किनुए आजी काल रात्रीच्या जेवणात सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, "ज्या पाण्यानं माझं घर गिळलं, ते मी ताटात वाढू?"

त्यावर कुणी घास उचलला नव्हता.

*

सादाहारू अंगणात पायऱ्या मोजत होता. अकरा. सातव्या पायरीवर फेब्रुवारीत आई घसरली होती. मनगट मोडलं, आणि मिनोरू चालवतो ती बस खालून वर येईपर्यंत ती बर्फात पडून राहिली. अर्धा तास. इस्पितळात तो पोचला तेव्हा ती नर्सला सांगत होती, माझ्या पोराला कळवू नका, उगाच धावत येईल.

लोकांना वाटतं, हा शहरात जाऊन बदलला. बदलला नव्हता. फक्त त्या अर्ध्या तासाचा हिशेब त्याला लागत नव्हता.

"बाबा, वर या ना जरा," चिझुरूने दारातून हाक मारली.

"तुझं धरण उभं राहिलं का?"

"राहील."

"चिझुरू, मी तुझ्या विरोधात नाहीये. पण तू खालच्या शहरातली. तुला धरण म्हणजे शाळेची सहल."

"हो, सहलच," ती म्हणाली. "तिसरीत असताना धरणाच्या माथ्यावर बसून डबा खाल्ला होता मी. एवढी मोठी गोष्ट माणसं बांधू शकतात हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मला ते सुंदर वाटतं, बाबा. खोटं कशाला बोलू?"

"आईसमोर हे बोलू नकोस."

"त्यांच्यासमोर बोललेय मी."

"मग?"

"त्या म्हणाल्या, सुंदर तर साप पण असतो."

सादाहारूला हसू आलं, ते त्याने खोकल्यात घातलं. तेवढ्यात खालच्या वळणावर मिनोरूची बस थांबली. तिच्यातून एक म्हातारा उतरला आणि काठी टेकत पायऱ्यांशी आला. डोक्यावर पिवळं शिरस्त्राण, गळ्यात 'धरण-वाटाड्या' लिहिलेली पट्टी. सादाहारू जागीच थबकला.

"गेन्झो काका?"

योसाकूचा धाकटा भाऊ. त्यांचं कुवादाइरा गाव धरणात बुडालं तेव्हा संमतीच्या कागदावर शेवटचा शिक्का योसाकूचा होता, आणि धरणाच्या भिंतीत काँक्रीट ओतणाऱ्या मजुरांत पहिलं नाव गेन्झोचं. त्या दिवसापासून दोघे भाऊ एका छपराखाली बसले नव्हते. भावाच्या अंत्यविधीलाही गेन्झो फाटकाबाहेर उभा राहून परत गेला होता.

"तुमच्या सुनेनं बोलावलं म्हणून आलो," गेन्झो म्हणाला. "घालवून देणार असाल तर आत्ताच सांगा. परतीची बस वीस मिनिटांनी आहे."

सादाहारूने मागे पाहिलं. चिझुरू नजर न चुकवता उभी होती.

"तुला हे कुठे भेटले?"

"धरणावर. कोतोहाला घेऊन कार्ड आणायला गेले होते. हे लोकांना माहिती सांगत होते. आडनाव वाचलं आणि विचारलं."

"आणि आम्हाला सांगावंसं नाही वाटलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात. आणि तुम्ही नको म्हटल्यावर बोलावणं म्हणजे उद्धटपणा झाला असता." तिने कोतोहाला पाठीवर सावरलं. "म्हणून नाही सांगितलं."

आतून किनुएंचा आवाज आला. "कोण आहे रे, सादाहारू?"

उत्तर गेन्झोनेच दिलं. "मी आहे, वहिनी."

मग सरकत्या दारात किनुए आल्या. एक्क्याऐंशी वर्षांच्या, वाकलेल्या. मोडलेलं मनगट छातीशी धरायची सवय अजून गेलेली नव्हती. दिराकडे त्यांनी पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"ते पिवळं भांडं डोक्यावरून काढा," त्या म्हणाल्या. "आत देव्हारा आहे. तुमच्या भावासमोर ते घालून नाही जायचं."

*

गेन्झोने देव्हाऱ्यासमोर उदबत्ती लावली. हात जोडले, ते फार वेळ जोडून ठेवले नाहीत. मोठ्या भावाच्या फोटोपुढे रेंगाळायचा हक्क आपल्याला आहे की नाही, हे त्याचं ठरलं नव्हतं. उठला तो थेट स्वयंपाकघरात गेला, कारण तिथे त्याला काम होतं, आणि काम असलं की त्याला हातांचं काय करायचं ते कळायचं.

ओट्यावरच्या ताटलीकडे त्याने पाहिलं. मग वाकून पाहिलं. मग त्याचे खांदे हलायला लागले.

"काय झालं?" योशिमी म्हणाली.

"पोरी, हे उलटं बांधलंयस तू!"

"उलटं?" चिझुरू पुढे झाली. "कार्डावरच्या फोटोत बघूनच केलंय. अशी वाकलेलीच आहे की भिंत."

"वाकलेली आहे. पण फोटो काढलाय खालच्या दरीतून. तू करी कुठे ओतलीस?"

"आतल्या बाजूला. खोलगट भागात."

"का?"

"का म्हणजे? पाणी खोलगट भागातच राहणार ना! वाटीत राहतं तसं."

"अस्सं! स्वयंपाकघरातलं धरण." म्हातारा आता उघड हसत होता, डोळे पुसत. "अगं, असं बांधलं असतं तर पहिल्या पावसाळ्यात खालचं शहर समुद्राला जाऊन मिळालं असतं. भिंतीचं पोट पाण्याकडे असतं, पोरी. पोट पाण्याकडे, पोकळी दरीकडे."

"पण मग पाणी ढकलणार तिला."

"ढकलू दे. जितकं ढकलेल तितकी ती दोन्ही टोकांनी डोंगरात घट्ट रुतत जाते. तिला हवाच असतो रेटा. आण तो भात. गरम आहे ना? गार भात धरत नाही."

योशिमीने कुणी न सांगता भाताचं झाकण काढलं. पेल्यांचं खोकं तिने पायाने बाजूला सारलं, ॲप्रनची गाठ मारली आणि ओल्या हाताने भात उचलून गेन्झोच्या हातात दिला. दारात उभ्या सादाहारूने हे पाहिलं.

"तू पण?"

"मी काय?" ती म्हणाली. "भात देतेय. बाबांच्या श्राद्धाला आलेल्या माणसाला भात द्यायचा नाही?"

गेन्झोने भात थरांत घातला. एक बोटभर थर, मग पाण्यात बुडवलेल्या बोटांनी टोचून टोचून दाबणं, मग दुसरा थर. चिझुरू शेजारी उभी राहून तसंच करत होती. तिच्या पाठीवरून कोतोहा एकटक त्याच्या बोटांकडे बघत होती.

"असंच टोचायचात का काँक्रीटलाही?" चिझुरूने विचारलं.

"त्याला यंत्र होतं. हवा राहिली की पोकळी, पोकळी राहिली की गळती. प्रत्येक थर." त्याची बोटं थांबली नाहीत. आवाज मात्र त्याने थोडा वाढवला. पलीकडच्या खोलीत किनुए बसल्या आहेत हे त्याला माहीत होतं. "दादा मला म्हणाला होता, तू माझ्या उरावर दगड रचायला चाललायस. खरंच होतं ते. मी नसतो गेलो तर दुसरा कुणी गेला असता, असं मी सगळ्यांना सांगायचो. पण ते खरं कारण नव्हतं. ज्या भिंतीसाठी आपलं गाव गेलं, ती पोकळ निघाली तर? मग गाव फुकट गेलं असतं. तीन वर्षं मी तिथला एकही थर कुणाच्या भरवशावर सोडला नाही."

त्याने ताटली आडवी केली. अंडाकृती ताटलीच्या एका टोकाशी आता भाताची कमान उभी होती, पोट मोठ्या बाजूकडे. चिझुरूने करी ओतली. बटाट्याच्या फोडी, गाजराचे काप, फरसबीच्या काड्या सगळं तपकिरी तलावात बुडालं. तलाव वर चढला, भिंतीला टेकला आणि थांबला.

चौघं ताटलीवर वाकले. एक मिनिट. दोन.

एक थेंबसुद्धा पलीकडे गेला नाही.

"बघा!" चिझुरू म्हणाली. ती हे म्हणाली सासऱ्यांकडे बघून.

*

साडेबाराला भोंगा झाला. दारं उघडण्याआधी खालच्या नदीत कुणी असेल तर बाहेर या, हे सांगणारा भोंगा. तो झाला की किनुए रेडिओचा आवाज वाढवायच्या. पन्नास वर्षांचा रिवाज होता तो. धरणाच्या माथ्यावर त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. पलीकडच्या तीरावर जायचं झालं तर डोंगराला वळसा घालून जायच्या, पाऊण तास जास्त लागला तरी.

आज त्यांचा हात रेडिओकडे गेला, पण चिझुरू ताटली घेऊन आत आली होती आणि ती त्यांच्यासमोर ठेवून गुडघ्यांवर बसली होती.

"आजी, नको वाटलं तर तसं सांगा. मी नेमोतो बाईंना नाही म्हणून कळवते. नाराज होणार नाही. पण न चाखता सांगू नका."

"सॉसेज कुठाय?"

"नाही घातलं. मला ते आवडत नाही."

"मग लोक टाळ्या कशाला वाजवणार?"

"माहीत नाही अजून," चिझुरूने कबूल केलं.

किनुएंनी चमचा घेतला. दारात सादाहारू, त्याच्यामागे योशिमी, त्यांच्यामागे गेन्झो. सगळे त्यांच्या हाताकडे बघत होते. चमचा कुठे जाणार? या घरात ज्याच्या मनात त्या भिंतीबद्दल राग होता, त्याने आधी कुठे घाव घातला असता?

चमचा भिंतीकडे गेला नाही. ताटलीच्या अगदी लांबच्या टोकाशी गेला आणि तिथली करी त्यांनी तोंडात घातली.

"बरी झालीय," त्या म्हणाल्या. "आलं जास्त आहे."

दुसरा घास तिथूनच. तिसरा त्याच्या जरासा अलीकडून. पाणी कसं आटतं ते त्यांना ठाऊक होतं. आधी नदी जिथून येते ते वरचं टोक उघडं पडतं. चाळीशीत असताना एक कोरडा उन्हाळा आला होता. तलाव इतका खाली गेला की पुलाचे खांब दिसले. योसाकू रोज सकाळी उतरून चिखलात चालून यायचे आणि पायरीवर बसून पाय धुवायचे. चल, म्हणायचे. त्या गेल्या नव्हत्या. पुढच्या महिन्यात पाऊस झाला. नंतर कितीतरी वर्षं आपण का गेलो नाही, याचं उत्तर त्या शोधत राहिल्या. गावाला तशा उघड्यावाघड्या, चिखलाने माखलेल्या अवस्थेत बघायचं नव्हतं, एवढंच. आजारी माणसाला कुणी अवेळी बघायला जातं का?

आता ताटलीचा पांढरा तळ दिसायला लागला. त्यांनी चमच्याच्या टोकाने तळावरच्या करीतून एक रेघ ओढली.

"ही नदी," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

फरसबीची एक काडी उचलून त्यांनी रेघेवर आडवी ठेवली.

"हा झुलता पूल."

बाहेर लांबवर गर्जना सुरू झाली, आधी हलकी, मग इतकी की पेल्यांचं खोकं किणकिणलं. दारं उघडली होती. हजारो माणसांच्या ओरडण्याचा आवाज वाऱ्यावर आला. किनुएंनी मान वर केली नाही. गाजराचा लाल काप त्यांनी डाव्या हाताला ढकलला. "देवळाची कमान. लालच होती. दर तीन वर्षांनी रंग द्यायचा. रंग द्यायला हेच चढायचे." मग बटाट्याची एक फोड पुलापासून जरा वर. "मुरायामांचं घर." आणखी एक. "शिंप्याचं." मग तिसरी फोड त्यांनी चमच्यात घेतली, थोडा वेळ तशीच धरली आणि अलगद खाली ठेवली.

"आई," सादाहारू म्हणाला. कधी तो त्यांच्यासमोर येऊन बसला, त्याचं त्यालाच कळलं नव्हतं. गाव सोडलं तेव्हा तो तीन वर्षांचा होता. त्या प्रवासातली बाबांची घामट पाठ तेवढी त्याला आठवत होती, बाकी काही नाही. कागदांवर जन्मस्थळ म्हणून लिहायला त्याच्याकडे नाव होतं, पण डोळ्यांसमोर आणायला काही नव्हतं. "मी कुठे झालो?"

"इथे." चमच्याचं टोक तिसऱ्या फोडीच्या मागच्या बाजूला टेकलं. "मागच्या खोलीत. रेशमाच्या किड्यांचे दिवस होते. त्यांच्या टोपल्या भिंतीशी सारून मला जागा केली होती. शेकड्यांनी किडे पाला कुरतडत होते, खर्रर्र आवाज. तू रडलास ते कुणाला आधी ऐकूच आलं नाही." त्यांनी पहिल्यांदा मुलाकडे पाहिलं. "मला आलं."

सादाहारूने खाली बघितलं. छप्पन्न वर्षांच्या नोकरदार माणसाला बटाट्याच्या फोडीकडे बघून जे होऊ नये, ते त्याला होत होतं.

"वहिनी," मागून गेन्झो म्हणाला, "धुण्याचा घाट विसरलात."

"विसरले नाही. पुलाच्या वर होता."

"खाली."

"वर होता, भाऊजी! तीस घरांच्या चादरी मी धुतल्यात तिथे की तुम्ही?"

"मी तिथे रोज पोहायचो. पुलाखालून वाहत आलं की घाटाला पाय लागायचे. मग घाट खालीच नको का?"

किनुएंनी डोळे मिटले. काही क्षण त्या त्रेपन्न वर्षं खोल गेल्या असाव्यात. मग डोळे उघडून म्हणाल्या, "खाली." आणि लगेच, "पण शाळा तुम्ही कुठे ठेवणार? सांगा बघू."

गेन्झो पुढे आला, वाकला, आणि त्याचा जाडजूड अंगठा ताटलीवर फिरला. योशिमीने स्वयंपाकघरातून वाटीभर उकडलेले बटाटे आणले. ती बटाटे सोलत होती आणि ऐकत होती. तीस वर्षं या घरात सून म्हणून वावरून हे गाव तिने आज पहिल्यांदा पाहिलं.

ताटलीत आता करीचा टिपूस नव्हता. सगळं गाव उघडं पडलं होतं. आणि टोकाला, पोट पुढे काढून, भाताची भिंत तशीच्या तशी उभी होती. तिला कुणी हात लावला नव्हता.

"मजबूत बांधलीय," किनुए म्हणाल्या.

गेन्झो तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिला.

"आता खाऊन टाका ती," चिझुरू हळूच म्हणाली. "भात गार होतोय."

"खाते. शेवटी." किनुएंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "मुली, लोक काय करतात? आधी भिंत फोडतात ना?"

"हो. सगळीकडे तसंच."

"इथे नाही फोडायची. इथे आधी पाणी संपवायचं. पाणी संपवल्याशिवाय खालचं दिसणार नाही. आणि भाज्या अशा वाट्टेल तशा टाकायच्या नाहीत. मी दाखवीन कुठे काय ते." मग मुलाकडे वळून, जणू हे फार आधीच ठरलं होतं अशा सुरात, "डिसेंबर ते मार्च मी तुझ्याकडे येते. बर्फात इथे कुणी येत नाही. एप्रिलात मला परत आणून सोडायचं. ट्रक नको. गाडी पुरे."

सादाहारूने विचारलं, "आणि पायऱ्या?"

"पायऱ्यांना कठडा लाव. तू इंजिनिअर आहेस म्हणे."

योशिमी इतकी मोठ्याने हसली की कोतोहा दचकली, आणि मग तीही हसायला लागली.

*

नेमोतो बाई तीनला पाच मिनिटं कमी असताना आल्या. पर्यटन मंडळाचं निळं जॅकेट, काखेत फायली, धरणाच्या तुषारांनी केस ओले. "पाच हजार लोक झाले!" त्या दारातूनच म्हणाल्या. "इतकी माणसं कधी बघितली नव्हती. बरं, मला थांबायला वेळ नाही, सहाला नकाशा छपाईला जातोय. होय की नाही, तेवढं सांगा."

"बसा," किनुए म्हणाल्या.

"आजी, खरंच वेळ नाही..."

"बसा."

त्या बसल्या. चिझुरूने ताटली आणली. भिंत गेन्झोने बांधली होती, भाज्या किनुएंनी एकेक करून तळाशी मांडल्या होत्या, आणि करी चिझुरूने अशी संथ ओतली होती की एक फोडही जागची हलली नव्हती. वरून काहीच दिसत नव्हतं. नेमोतो बाईंनी सरावाने चमचा उचलला आणि भिंतीच्या मधोमध रोखला.

किनुएंनी त्यांचं मनगट धरलं. मोडून जुळलेल्या हाताने, पण घट्ट.

"तिथून नाही. आधी पाणी."

बाईंनी गोंधळून सगळ्यांकडे बघितलं. मग वरच्या टोकाकडून खायला लागल्या, आधी घाईने. काही घासांनंतर त्यांचा वेग कमी झाला. गाजराची कमान वर आली. मग पुलाची काडी. मग घरं. चमचा हवेत थांबला.

"हे..." त्या म्हणाल्या. "हे खाली आहे?"

"आहे," किनुए म्हणाल्या.

बाईंनी उरलेली करी अगदी सांभाळून, घरांना धक्का न लावता संपवली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग त्यांनी नकाशाचा कच्चा कागद काढून टेबलावर पसरला, आणि लेखणी हातात घेईपर्यंत त्यांचा कामाचा आवाज बराचसा परत आला होता. "म्हणजे होय. पदार्थाचं नाव काय लिहू? एकाचं 'महाभिंत' आहे, एकाचं 'गर्जना'..."

"कुवादाइरा," किनुए म्हणाल्या.

चिझुरूने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. हे नाव वरच्या बसथांब्यावरून, पोस्टाच्या पत्त्यावरून, शाळेच्या भिंतीवरच्या नकाशावरून केव्हाच पुसलं गेलं होतं. तिने स्वतः ते लग्नानंतर ऐकलं होतं.

नेमोतो बाईंनी अक्षरं विचारून लिहून घेतली. "छान आहे. वेगळं आहे. आणि ठिपका खाणावळीवरच आहे, म्हणजे इथे रस्त्याच्या बाजूला नाव..."

"द्या इकडे."

किनुएंनी लेखणी घेतली. कागदावर तलाव निळा रंगवला होता, एका टोकाशी धरणाची काळी कमान, पोट पाण्याकडे. त्यांनी कमानीवरून बोट फिरवलं, मग निळ्याच्या मधोमध, जरा डावीकडे, जिथे नदीचं वळण असायचं तिथे, एक ठिपका दिला आणि त्याच्याशेजारी नाव स्वतः लिहिलं.

"आजी, तिथे पाणी आहे हो," नेमोतो बाई म्हणाल्या. "लोक विचारतील, तिथे कसं जायचं."

किनुएंनी लेखणीला टोपण लावलं.

"इथे पाठवा त्यांना. आम्ही वाढू."